खाकी पाकिटावरचं नाव

सावळीराम पगारे यांनी उभ्या आयुष्यात दोष शोधले. तेच त्यांचं काम होतं. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात ते तपासणीला होते. छापलेला कागद समोर यायचा. ते बघायचे. चांगला एकीकडे, खराब दुसरीकडे. रेघ केसभर सरकली, शाईचा ठिपका पडला, कागदाला सुरकुती गेली, की तो खराब. खराब कागद कुठं टाकून द्यायचा नसे. तोही मोजून परत द्यायचा. तो जळून राख होईपर्यंत त्याची जबाबदारी असे. संध्याकाळी फाटकावर झडती. जेवणाचा डबा उघडून दाखवायचा, खिसे उलटे करायचे. एवढ्या वर्षांत छापलेल्या कागदाचा कपटासुद्धा त्यांच्याबरोबर घरी आला नव्हता.

त्र्याऐंशी साली ते निवृत्त झाले. बघायला कागद उरले नाहीत. मग ते घर बघू लागले. भाकरीचा काठ बघायचे. दोरीवरचे कपडे सारख्या अंतरावर आहेत का बघायचे. शेजारच्या साळूबाईंच्या दाराची चौकट एका अंगाला झुकली आहे, हे त्यांनी निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं.

"सुमन, तुझ्या मालकाला परत छापखान्यात नेऊन सोड बाई," साळूबाई भिंतीपलीकडून म्हणायच्या. "माझं दार वाकडं हाय म्हणतात. आमचं लगीन झाल्यापासून आम्ही त्याच्यातूनच जातोय येतोय."

"म्हणून तर तुमचा नवरा वाकडा चालतो," सावळीराम आतून म्हणायचे.

एका गोष्टीचं मात्र सुमनबाईंना नवल वाटायचं. भाजीवालीनं ओली, मळकी, दुमडून दुमडून चिंधी झालेली नोट दिली तरी सावळीराम ती न बघता खिशात घालायचे. सुमनबाईंनी एकदा विचारलंही होतं.

"ही नाही का खराब?"

"ही कशी खराब? हिनं काम केलंय," ते म्हणाले होते.

जेलरोडच्या त्या कॉलनीत बहुतेक घरं छापखान्यातल्या कामगारांची. घराघरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. आणि निम्म्याहून जास्त घरांत सुमनबाईंचा काळा मसाला. सुमनबाई पिंपळगाव बसवंतच्या. माहेरी आजूबाजूला कांदाच कांदा. कांदा उभा चिरून उन्हात कडकडीत वाळवायचा, मग तेलावर काळा होईपर्यंत भाजायचा, आणि काळा होऊन करपायच्या आत तवा उतरवायचा, हे त्या आईकडून शिकल्या होत्या. खोबरं, धणे, दगडफूल, मिरची, सगळं भाजून डंकावर कुटून आणायच्या. उन्हाळ्यात कॉलनीतल्या बायका डालड्याचा रिकामा डबा घेऊन दारात यायच्या. कुणी वर्षाचा मसाला न्यायचं, कुणी महिन्याचा. त्याला नाव नव्हतं. सुमनबाईंचा मसाला म्हटलं की झालं.

ते नाव कॉलनीबाहेर गेलं ते काळूच्या डब्यामुळे. काळू कॉलनीतलाच. नाशिकच्या द्वारका चौकात झुंबरलालशेठच्या किराणा दुकानात कामाला होता. दुपारी तो गोदामाच्या दारात बसून डबा उघडायचा आणि वांग्याच्या भाजीचा वास दुकानभर पसरायचा. हायवेवर ट्रक लावून सामान घ्यायला आलेले ड्रायव्हर विचारायचे, हा मसाला कुठला, आहे का दुकानात? शेठ कांदा खात नव्हते. पण वासानं गिऱ्हाईक थांबतं, एवढं त्यांना कळत होतं. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, पाडवा झाल्यावर, त्यांनी काळूकरवी सुमनबाईंना बोलावून घेतलं.

"ताई, एक अख्खी फळी देतो," शेठ म्हणाले. "समोरची. पण सुटा माल नाही ठेवत मी. पाकीट पाहिजे, पाकिटाला लेबल पाहिजे. अक्षय्य तृतीयेच्या आत. आखाजीनंतर लोकांचा वर्षाचा मसाला भरून झालेला असतो. मग उपयोग नाही."

"आणते," सुमनबाई म्हणाल्या. त्यांना काही विचारायचं सुचलंच नाही.

"आणि नाव चांगलं ठेवा. सुमन मसाले. गोड नाव आहे. आडनाव कशाला उगाच."

सावळीराम शेजारी उभे होते. "का?" त्यांनी विचारलं.

शेठ हसले. "माझं काही नाही हो काका. पण गिऱ्हाईक दहा प्रकारचं. खायची वस्तू आहे."

बसमध्ये, उपनगरचा थांबा गेल्यावर, सुमनबाई म्हणाल्या, "नुसतं सुमन मसालेच टाकू. काय बिघडतंय? विकलं जाणं महत्त्वाचं."

सावळीरामांनी खिडकीबाहेर बघितलं. "सुमनबाई सावळीराम पगारे," ते म्हणाले. "नाशिकरोड. एवढं छापायचं."

सुमनबाईंनी वाद घातला नाही. त्यांना कारण माहीत होतं. सावळीराम सायखेड्याचे. तिथं त्यांच्या बापाला, कोंडाजीला, कुणी आडनावानं हाक मारली नव्हती. कोंड्या म्हणायचे, आणि पुढं जात लावायचे. सावळीरामांचंही तसंच. आडनाव शाळेच्या दाखल्यावर होतं, पण ते तिथंच राहिलं. छप्पन साली कोंडाजींनी घरातले देव टोपलीत घालून गोदावरीत सोडले, तरी गावानं हाक बदलली नाही. पुढं सावळीराम छापखान्यात लागले. पहिल्या दिवशी हजेरीला साहेबानं "पगारे" अशी हाक मारली, तेव्हा हे गप्प उभे होते. दुसऱ्यांदा मारली तेव्हा कळलं, आपल्यालाच म्हणतायत. ही गोष्ट ते हसत सांगायचे. त्या गोष्टीवर सुमनबाईंना कधी हसू यायचं नाही.

तर लेबल छापून घ्यायचं होतं. नोटांच्या छापखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला लेबल छापून देणारा शोधायला किती वेळ लागेल? सुमनबाईंना वाटलं होतं, एक दुपार.

पहिला आला तो देवराम. हा लांबच्या दक्षिणेकडच्या छापखान्यांचा एजंट. कॅलेंडरं, काडेपेटीचे कागद, उदबत्तीची वेष्टनं, लेबलं, सगळ्याच्या ऑर्डरी घेत गावोगाव हिंडायचा. त्यानं चटईवर जाडजूड आल्बम उघडला. पानापानावर रंगीत, गुळगुळीत, चकचकीत लेबलं. साळूबाईही येऊन बसल्या.

"ही बघा अन्नपूर्णा. ही कमळातली लक्ष्मी. ही उभी, ही बसलेली."

"देव नको," सावळीराम म्हणाले.

देवरामनं मान वर केली. भिंतीवरचे फोटो बघितले आणि पटापट पानं उलटली. "मग ही बघा. नुसती बाई. हातात पळी आहे, समोर कढई आहे. हिला कुठलाच धर्म नाही."

बाई गोरीपान होती. अंगभर दागिने, ओठ लाल. सुमनबाईंना ती एकदम आवडली. काळ्या मसाल्यावर असली लखलखीत बाई दुकानात कशी उठून दिसेल, असं त्यांना वाटलं.

"ही काय मसाला कुटणार," साळूबाई म्हणाल्या. "हिची नखं बघ की. ही तर दवाखान्यात चिठ्ठ्या फाडणारी दिसती."

"अगं गप," सुमनबाई म्हणाल्या.

सावळीरामांनी भिंग काढलं. बाईच्या गालापासून कढईच्या काठापर्यंत सगळं बघितलं. "छपाई चांगली आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द निघाले म्हणजे काम झालं, असं सुमनबाईंनी धरलं. मग त्यांनी विचारलं, "नाव कुठं?"

"ही खालची पट्टी कोरी असते ना. तिच्यात. सुमन मसाले अगदी मापात बसतं."

"पूर्ण नाव?"

देवरामनं बोटानं पट्टी मोजली. "नाही मावणार. चित्र आधीच तयार आहे. बाई लहान करता येत नाही."

"मग राहू द्या," सावळीराम म्हणाले. सुमनबाई चहा टाकायला उठल्या. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसू नये म्हणून.

दुसरा छापखाना मेन रोडवरचा. मोठा, पंखे लावलेला, शहरातल्या मिठाईवाल्यांची खोकी छापणारा. तिथल्या मॅनेजरनं पूर्ण नाव घालायला काहीच हरकत घेतली नाही. कागद दाखवले, रंग दाखवले, लाल महिरप, आत काळी अक्षरं. आठवड्यानं या, नमुना छापून ठेवतो. आठवड्यानं दोघं गेले तेव्हा नमुना तयार होता. सावळीरामांनी तो दारात, उजेडात नेऊन बघितला. बराच वेळ बघितला. सुमनबाई त्यांच्या भुवयांकडे बघत होत्या. भुवया हलल्या नाहीत.

"बरा आहे," ते म्हणाले. "उद्या येऊन पक्कं सांगतो." एखादी गोष्ट त्याच दिवशी पक्की करायची नाही, एक रात्र जाऊ द्यायची, ही त्यांची रीत होती.

त्या दिवशी पक्कं केलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. बस यायला वेळ होता. शालिमारच्या थांब्यावर सुमनबाईंनी खारे दाणे घेतले. दाणे खाता खाता पुडीचा कागद उलगडत गेला आणि आतल्या घडीवर लाल महिरप दिसली. महिरपीत काळी अक्षरं. सुमनबाई सावळीराम पगा. पुढचं फाटलेलं होतं.

सुमनबाईंना हसूच फुटलं. "अहो, बघा! बाजारात आलो सुद्धा! फुकट जाहिरात झाली की आपली."

सावळीराम हसले नाहीत. त्यांनी दाणेवाल्याला विचारलं. दाणेवाला म्हणाला, छापखान्यातून रद्दी येते, बिघडलेले कागद, किलोवर घेतो. एका बाजूनं कोरे असतात, शाई लागत नाही दाण्यांना.

थांब्याभोवती पुड्या पडल्या होत्या. चुरगळलेल्या, पायाखाली गेलेल्या, काही गटाराच्या कडेला. सावळीराम वाकून एकेक बघू लागले. लोक बघत होते. सुमनबाईंनी त्यांचा हात धरला.

"चला, बस आली."

"नमुना बिघडला तर तो रद्दीत दिला त्यानं," सावळीराम बसमध्ये म्हणाले. "उद्या ऑर्डर दिली तर किती बिघडतील? सगळ्यांवर तुझं नाव असेल."

"असू द्या की. रद्दीच ती."

"रद्दी असली तरी नाव आहे ना तिच्यावर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅनेजरला जाऊन विचारलं, बिघडलेले कागद आम्हाला परत द्याल का? मॅनेजरला वाटलं, म्हातारा रद्दीचे पैसे मागतोय. त्यानं नाही म्हणून मान हलवली. रद्दी गड्यांची असते, त्यांची चहापाण्याची सोय आहे, त्यात आम्ही पडत नाही. झालं. मेन रोडचा छापखाना गेला.

आखाजी जवळ येत चालली होती. मसाला कुटून तयार होता. साळूबाई आणि सुमनबाई दुपारी बसून मेणबत्तीच्या ज्योतीवर प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडं बंद करायच्या. ती पिशवी जाड खाकी पाकिटात जायची. खाकी पाकिटांची चळत भिंतीला लागून उभी राहिली, कोरी.

"लेबलाचं काय?" साळूबाई रोज विचारायच्या.

"बघतायत."

"अजून बघतायतच का?"

शेवटी सावळीरामांनी ज्याला पसंत केलं तो गोरक्ष. द्वारकेमागच्या गल्लीत त्याचा एक गाळा होता. गाळ्यात एक पायानं चालवायचं जुनं यंत्र, शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या लाकडी पेट्या आणि दोरीवर वाळत घातलेल्या लग्नपत्रिका. गोरक्ष आधी दुसऱ्याकडे खिळे जुळवायचा, मग हे यंत्र घेतलं. लग्नपत्रिका, जयंतीची हँडबिलं, पावती पुस्तकं, एवढंच छापायचा. सुमनबाईंनी त्याची एक पत्रिका उचलून बघितली. वधूच्या नावातलं एक अक्षर अर्धंच उठलं होतं. गणपतीच्या सोंडेवर शाईचा डाग होता. त्यांनाही दिसावं इतकं ते वाईट होतं.

सावळीरामांनी पत्रिका बघितली आणि खाली ठेवली. "बिघडलेल्या कागदांचं काय करता?"

"काय करणार? कोपऱ्यात पडतात," गोरक्ष म्हणाला. "पाय ठेवायला जागा नाही बघा. तुम्हाला पाहिजे तर न्या. माझी जागा तरी मोकळी होईल."

मग त्यानं कागदावर लिहिलेलं नाव मोठ्यानं वाचलं. सुमनबाई सावळीराम पगारे. "आडनाव मोठं काढू का सगळं सारखंच?"

"सारखं," सावळीराम म्हणाले. "आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकोन कोरा सोडा. दुकानदार किमतीची चिठ्ठी लावतो, त्याला जागा पाहिजे."

गल्लीतून बाहेर आल्यावर सुमनबाई थांबल्या. मेन रोडचा पंखेवाला छापखाना, आल्बममधली लखलखीत बाई, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. केसभर रेघ सरकली म्हणून आयुष्यभर कागद बाजूला टाकणारा हा माणूस, आणि नाशकातला सगळ्यात वाईट छापणारा यानं निवडला होता.

"अहो, तुम्ही नीट बघितलंत ना?" त्यांनी विचारलं.

"बघितलं."

"सोंडेवर डाग होता."

"होता. मी उभा राहीन ना तिथं."

आणि ते खरंच उभे राहिले. यंत्राशेजारी, सकाळपासून. लाल महिरप आधी, वाळल्यावर काळी अक्षरं. गोरक्ष पाय मारायचा आणि शिव्या द्यायचा, यंत्राला की सावळीरामांना ते कळायचं नाही. "काका, तुम्ही घरी जा हो, मी बरं छापतो. तुम्ही बघता आणि माझा हात थरथरतो." सावळीराम जायचे नाहीत. छपाई झाली तेव्हा त्यांनी चांगलं, वाईट, फाटलं, अर्धं उठलेलं, सगळं एका धोतरात बांधलं. जमिनीवर एक कपटा राहिला होता, तोही उचलला. आणि गठ्ठा घेऊन घरी आले. दारात आल्यावर ते क्षणभर थांबले आणि त्यांनी हात थोडे वर केले, झडतीसाठी करतात तसे. सुमनबाई आतून बघत होत्या. सावळीरामांच्याही मग लक्षात आलं. ते आत आले.

आखाजी परवावर आली होती. सुमनबाई आणि साळूबाई मैद्याची खळ शिजवत होत्या. सावळीराम दाराच्या उजेडात भिंग घेऊन बसले. दोन ढीग करत होते. तेच त्यांचं जुनं बसणं, तीच मान, तेच बोट. सुमनबाईंना बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून इतके शांत ते कधी बसले नव्हते.

दुपारी मागच्या अंगणातून धूर आला. कांदा भाजायची चूल पेटली होती. सुमनबाई हात पुसत मागं गेल्या. सावळीराम चुलीसमोर उकिडवे बसून कागद आत सारत होते. सावकाश, थोडे थोडे, पूर्ण जळेपर्यंत.

"अहो, काय जाळताय?"

"खराब."

"किती?"

"निम्मे असतील. थोडे जास्तच."

सुमनबाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या. चुलीच्या तोंडाशी एक लेबल अर्धं बाहेर होतं. त्यांनी वाकून ते ओढून घेतलं. लाल महिरप थोडी तिरकी होती. एवढंच. सुमनबाई सावळीराम पगारे, नाशिकरोड. सगळं वाचता येत होतं.

"हे खराब?"

"रंग सरकलाय."

"अहो, ही नोट नाही. मसाला आहे."

सावळीरामांनी हात पुढं केला. सुमनबाईंनी लेबल दिलं नाही. ते वाट बघत राहिले.

"खराब दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही," ते म्हणाले. आवाज हळू होता. समजावल्यासारखा.

"इतकी पाकिटं भरून ठेवलीत. बिनालेबलची शेठ घेणार नाही. गोरक्षाकडं आता लग्नाच्या पत्रिकांची रांग लागलीय, तो आखाजीपर्यंत दारात उभं करणार नाही. काय करू मी निम्म्या पाकिटांचं?"

सावळीरामांच्या हातातला कागद थांबला. त्यांनी चुलीत बघितलं. मागं पाकिटं आहेत, पुढं आखाजी आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. चांगलं एकीकडे, खराब दुसरीकडे. पुढं काय होतं ते बघणं त्यांचं काम कधी नव्हतंच.

साळूबाई आतून बघत होत्या. "खळ घट्ट होतीय गं," एवढंच त्या म्हणाल्या.

होती तेवढी लेबलं सुमनबाईंनी लावली. सावळीराम प्रत्येक पाकिटाचे कोपरे दाबून बसवत होते. एकही वाकडं लागलं नाही. तिरक्या महिरपीचं ते एक लेबल सुमनबाईंनी पदराखालून काढून शेवटच्या पाकिटाला लावलं. सावळीरामांनी ते बघितलं. तेही कोपरे दाबून बसवलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दोघं पोतं घेऊन द्वारकेवर गेले. झुंबरलालशेठनी पाकीट हातात घेतलं, वासावर मान डोलावली, लेबल वाचलं. वाचायला जरा वेळ लागला.

"एवढीच?"

"बाकीची लेबलं बिघडली," सुमनबाई म्हणाल्या.

"मग निम्मी फळी दुसऱ्याला देतो. रिकामी नाही ठेवता येत. काळू, चिठ्ठ्या लाव."

काळूनं किमतीच्या चिठ्ठ्या आणि डिंकाची बाटली घेतली. शेठनी पहिल्या पाकिटावर बोट ठेवून जागा दाखवली. काळूनं एकदा सावळीरामांकडे बघितलं आणि मान खाली घातली. चिठ्ठी लावली. पाकीट फळीवर गेलं. सुमनबाई बघत होत्या. सुमनबाई सावळीराम, आणि पुढं किंमत. त्यांना वाटलं, चुकून लागली असेल. दुसरं पाकीट. तीच जागा. तिसरं. कोपऱ्यातला कोरा चौकोन कोराच राहिला होता.

अर्धी फळी हातची गेली होती. उरलेलीही जाईल अशी भीती त्यांना वाटली. फळी मिळाली आहे, गप्प राहावं, असं त्यांनी ठरवलं. मग त्यांनी सावळीरामांकडे बघितलं. छापखान्यात कागद बघायचे तसे ते फळीकडे बघत होते.

"काळू, थांब," सावळीराम म्हणाले.

ते काउंटरच्या आत गेले. पहिलं पाकीट खाली काढलं. डिंक ओला होता. नखानं चिठ्ठीचं एक टोक उचललं, हळूहळू सोलली, लेबलाला ओरखडासुद्धा न पडता. ती कोपऱ्यातल्या चौकोनात लावली. अंगठ्यानं दाबली. पाकीट परत ठेवलं. दुसरं काढलं.

"काका, मी बोललो होतो तुम्हाला," शेठ म्हणाले. "माझं काही नाही. मला सगळे सारखे. पण गिऱ्हाईक वाचतं."

सावळीरामांनी तिसरं पाकीट काढलं.

"वाचू द्या की," सुमनबाई म्हणाल्या. आवाज त्यांच्याच तोंडून आला होता, हे त्यांना नंतर कळलं. "वाचायलाच छापलंय."

एक ट्रक ड्रायव्हर साखर घ्यायला उभा होता. तो या सगळ्याकडे करमणूक म्हणून बघत होता. "शेठ, सरकारी तपासणी आली वाटतं," तो म्हणाला. काळू हसला आणि लगेच चिठ्ठ्या मोजू लागला.

शेठनी सुस्कारा सोडला. भांडण त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. "आठवडाभर ठेवतो," ते म्हणाले. "नाही गेलं तर घेऊन जायचं."

"घेऊन जाऊ," सुमनबाई म्हणाल्या. उरलेल्या पाकिटांवर काळूनं चिठ्ठ्या कोपऱ्यात लावल्या. न सांगता.

तो आठवडा सुमनबाईंना लांब गेला. कोरी पाकिटं त्यांनी कॉलनीतच विकून टाकली. साळूबाईंनी दोन जादा घेतली आणि वर म्हणाल्या, "माझ्या घरात लेबल नसलेलंच चालतं बाई. दार तसंही वाकडं हाय." त्या दिवसांत सावळीरामांनी कशातच दोष काढला नाही.

आठवड्यानं दोघं दुकानात गेले. फळीवर थोडी पाकिटं उरली होती. शेठनी स्वतःहून सांगितलं. "दोघांनी हातात घेऊन वाचलं आणि परत ठेवलं. खोटं का बोलू? बाकीची गेली. ड्रायव्हर लोक विचारून नेतायत." मग त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. "आणखी आणा. आणि काका, जास्त बिघडवू नका."

पोतं रिकामं घेऊन दोघं बसथांब्याकडे निघाले. रस्त्याच्या कडेला ट्रक उभे राहायची जागा होती. तिथं तीन दगडांची चूल कुणी तरी मांडून गेलं होतं. राख, कांद्याची सालं आणि राखेला टेकून पडलेलं एक खाकी पाकीट. लाल महिरप चिखलानं माखली होती. पाकिटावरून टायर गेलं होतं.

सुमनबाईंनी सावळीरामांच्या दंडाला हात लावला. शालिमारच्या पुड्या त्यांना आठवल्या. आता हे वाकतील, आता हे आख्खा रस्ता धुंडाळतील, असं त्यांना वाटलं.

सावळीराम वाकले. पाकीट उचललं, झटकलं, आतली पिशवी उघडून बघितली. पिशवी बोटानं पुसून घेतल्यासारखी स्वच्छ होती. त्यांनी पाकीट उजेडाकडे धरलं. नाव चिखलातूनही वाचता येत होतं. चिठ्ठी कोपऱ्यात होती. महिरप थोडी तिरकी होती.

"जाळायचं का घरी नेऊन?" सुमनबाईंनी विचारलं.

"कशाला?" सावळीराम म्हणाले. "हे कुठं खराब आहे? ह्यानं काम केलंय."

त्यांनी ते पाकीट परत चुलीच्या दगडाशी ठेवलं आणि हात झटकले.

"चला," सुमनबाई म्हणाल्या. "गोरक्षाचा गाळा बंद व्हायच्या आत पोचू."